ऑपरेशनच्या सकाळी कोणती गोळी द्यायची, कोणती नाही? (ज्येष्ठांची औषधं आणि भूल)

गोळीबिस्कीट | सोमवार, रात्री ८:५५

'रात्री बारानंतर काही घ्यायचं नाही' ही सूचना घरी पोचेपर्यंत 'सगळ्या गोळ्या बंद' अशी होते. काही ठिकाणी उलट सूचना मिळते: 'बीपीची गोळी तेवढी घोटभर पाण्याबरोबर द्या'. पण बीपीची गोळी म्हणजे कोणती? औषधाच्या दुकानात सत्तरीपुढच्या माणसाची चिठ्ठी आली की पाहा, निम्म्या गोळ्या जोडगोळ्या असतात. टेल्मिसार्टन ४० अधिक अ‍ॅम्लोडिपिन ५. टेल्मिसार्टन अधिक मेटोप्रोलॉल. टेल्मिसार्टन अधिक क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणारी गोळी). नावं जवळजवळ सारखी, फक्त शेवटची अक्षरं वेगळी. त्यातलं एक औषध त्या सकाळी हवं असतं, दुसरं नको असतं.

माझं मत: फिटनेसच्या (ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या) कागदावर 'बीपी', 'शुगर', 'रक्त पातळ' असं न लिहिता मूळ औषधाचं नाव लिहावं. आणि प्रश्न नेमका असा. वय ७५, टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची एकच गोळी रोज सकाळी, गुडघ्याचं ऑपरेशन सकाळी ८ वाजता. गोळी द्यायची का? नाशकातल्या भूलतज्ज्ञांनी आणि बाकी जाणकारांनी कारणासकट सांगावं.

पंचवटीकर | रात्री ९:०२

बीपीची गोळी म्हणजे पांढरी, छोटी, मधे रेघ असलेली. ओळखली ना? मग द्या. :)

भूलथाप | रात्री ९:४०

चांगला धागा. कारणापासून सुरू करतो, म्हणजे यादी पाठ करावी लागणार नाही.

रक्तदाब तीन गोष्टी धरून ठेवतात: सिंपथेटिक मज्जासंस्था (रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा), रेनिन-अँजिओटेन्सिन साखळी (किडनीपासून सुरू होणारी) आणि व्हॅसोप्रेसिन (मेंदूतून सुटणारं संप्रेरक). भूल दिली, पूर्ण असो वा कमरेतून, की पहिली ढिली पडते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, लोसार्टन यांनी दुसरी आधीच बंद केलेली असते. उरलं एकटं व्हॅसोप्रेसिन. त्यात रात्रभराच्या उपासाने पाणी कमी, आणि वयामुळे रक्तवाहिन्या कडक. प्रोपोफॉल (झोपवायचं इंजेक्शन) गेलं की दाब धाडकन खाली. आपल्याकडे अशा वेळी हात पहिल्यांदा मेफेंटरमाइन या दाब चढवणाऱ्या औषधाकडे जातो. ते स्वतः फारसं काही करत नाही, शरीरातला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा साठा बाहेर काढतं. या गोळ्यांवर असलेल्यांत त्याचा आणि फिनाइलएफ्रिनचाही परिणाम तोकडा पडू शकतो. मग नॉरअ‍ॅड्रिनलिन किंवा व्हॅसोप्रेसिन लागतं.

म्हणून या गटाचा शेवटचा डोस आणि भूल यांत २४ तास ठेवायचे. रोज रात्री गोळी घेणाऱ्याने आदल्या रात्रीचीच टाळायची. हे सांगायचं हमखास राहून जातं, कारण सगळ्यांचं लक्ष 'सकाळी काय' यावर.

अ‍ॅम्लोडिपिन चालू. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल आधीपासून असतील तर अजिबात बंद करायची नाहीत. अचानक तोडली की ठोके आणि दाब उसळतात, छातीत दुखू शकतं. मात्र ऑपरेशनच्या तोंडावर नव्याने सुरूही करायची नाहीत. २००८ च्या 'पॉइज' चाचणीत तसं केल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. क्लोनिडिन या बीपीच्याच औषधाचंही तेच, तोडलं की दाब उलटून वर जातो.

आता भुलीची मात्रा. श्वासातून द्यायच्या औषधांची गरज चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ६ टक्क्यांनी घटते. सेव्होफ्लुरेन चाळिशीत १.८ टक्के लागत असेल तर ऐंशीत १.४ च्या आसपास पुरतं. प्रोपोफॉल तरुणाला किलोमागे २ ते २.५ मिग्रॅ, सत्तरीपुढे १ ते १.५, तेही २०-२० मिग्रॅचे तुकडे करून. हातातून मेंदूपर्यंत औषध पोचायलाच वेळ लागतो. 'अजून जागे आहेत' म्हणून घाईने आणखी ढकललं की दोन मिनिटांनी सगळं एकदम लागू होतं. यात गोळ्यांचा दोष कमी आणि घाईचा जास्त.

सिन्नरकर | रात्री ९:५१

वाचनखूण साठवली. एक शंका: पाण्याचा घोट म्हणजे किती? घरचे लोक घोटालाही घाबरतात.

कमरेतलीसुई | रात्री १०:१५

@सिन्नरकर, गोळीपुरतं ३०-५० मिली पाणी चालतं. एरवीही साधं पाणी भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालतं, घन अन्न ६ तास आधी बंद.

@भूलथाप, २४ तासांच्या नियमाला माझी अर्धीच सहमती. २०२४ मध्ये फ्रान्समधली मोठी चाचणी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आली, सुमारे २,२०० रुग्ण, हृदयाखेरीजची मोठी ऑपरेशनं. निम्म्यांची ही औषधं ४८ तास आधी थांबवली, निम्म्यांची चालू ठेवली. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती दोन्हीकडे सारख्याच. तेव्हा सकाळी चुकून टेल्मिसार्टन घेतलं म्हणून ऑपरेशन रद्द करून माणसाला परत सुरगाण्याला पाठवण्यात अर्थ नाही. आणि हृदयाचं पंपिंग कमी आहे म्हणून जे लोक ही गोळी घेतात त्यांच्यात बंद करण्याआधी हृदयतज्ज्ञाशी बोललंच पाहिजे. त्यांच्यात ती चालू ठेवणं योग्य ठरू शकतं.

दुसरं: थांबवलेली गोळी परत कधी सुरू करायची हे कुणी लिहीत नाही. डिस्चार्ज कार्डावर नसतं, मग महिनाभर बंदच. दाब स्थिर, लघवी नीट, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं नाही, तर साधारण ४८ तासांत परत.

भूलथाप | रात्री १०:३३

चाचणी मान्य. पण त्याच चाचणीत गोळी चालू ठेवलेल्यांचा दाब ऑपरेशनमध्ये जास्त वेळा पडला, हेही लिहा. जिथे इन्फ्युजन पंप लावून नॉरअ‍ॅड्रिनलिन पाच मिनिटांत सुरू होतं तिथे हे पचतं. छोट्या ऑपरेशन थिएटरात, एकच भूलतज्ज्ञ, मॉनिटर जुना, तिथे मी २४ तासच धरेन. चुकून घेतली म्हणून रद्द करू नये, यावर पूर्ण सहमत.

साखरझोप | रात्री ११:०५

बीपीवर बरीच चर्चा झाली. माझ्या मते सध्या सगळ्यात जास्त निसटणारी गोळी मधुमेहाची आहे: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि ती स्वस्त झाली, आता सिटाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिनबरोबर तिघांची एक गोळीही मिळते. शिवाय मधुमेह नसलेल्यांनाही हृदयासाठी आणि किडनीसाठी देतात, त्यामुळे 'शुगर आहे का?' या प्रश्नाला 'नाही' असं खरं उत्तर येतं आणि गोळी तशीच चालू राहते.

ही गोळी साखर लघवीवाटे टाकते. इन्सुलिन कमी पडतं, शरीर चरबी जाळायला लागतं. त्यात उपास आणि ऑपरेशनचा ताण आला की कीटोन साठतात, रक्त आम्लधर्मी होतं. फसवणारी गोष्ट अशी की ग्लुकोमीटरवर १६०-२०० दिसतं, म्हणून कुणी कीटोन तपासतच नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास; आणि सगळे म्हणतात 'भुलीमुळे होतंय'. रक्तातले कीटोन ३ च्या वर आणि एबीजीमध्ये (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) बायकार्बोनेट खाली, तर निदान पक्कं. उपचार इन्सुलिन आणि त्याच्या जोडीला ग्लुकोजचं सलाईन, कारण साखर आधीच फार वर नसते.

नियम: ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी बंद, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर ४ दिवस. खाणंपिणं नीट सुरू झाल्यावरच परत. तातडीचं ऑपरेशन असेल तर थांबता येत नाही, मग भूलतज्ज्ञाला सांगून ठेवायचं आणि कीटोन तपासत राहायचं.

बाकीचं थोडक्यात: ग्लिमेपिराइड त्या सकाळी नको, उपाशीपोटी साखर पडते आणि भुलीत घाम-थरथर दिसत नाही. मेटफॉर्मिन त्या दिवशी नको. रात्रीचं ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) बंद करायचं नाही, साधारण पाव भाग कमी करून द्यायचं. जेवणाआधीचं इन्सुलिन जेवण नाही तर नाही.

पंचवटीकर | रात्री ११:१२

आणि ते वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन? आमच्या कट्ट्यावर सध्या भेळेपेक्षा त्याचीच चर्चा जास्त.

साखरझोप | रात्री ११:२६

सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड. पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून आठ तास उपाशी माणसाच्या पोटातही जेवण सापडू शकतं. भूल देताना ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर गंभीर प्रकार. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये सांगितलं की आठवड्याचं इंजेक्शन एक आठवडा आधी थांबवा, रोजची गोळी त्या दिवशी नको. २०२४ मध्ये सूर थोडा मवाळ झाला: सरसकट थांबवू नका, मात्र डोस वाढवण्याच्या टप्प्यात असाल किंवा मळमळ, पोट गच्च अशी लक्षणं असतील तर धोका जास्त धरा, आणि आदले २४ तास फक्त पातळ आहार. सोनोग्राफीने पोट बघता येतं. इंजेक्शन घेतलेलं लपवू नये, एवढं कट्ट्यावर सांगा.

चष्मिश | मंगळवार, सकाळी ७:२०

नेत्रविभागाकडून दोन मुद्दे.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन घेणाऱ्याचा मोतीबिंदू. या गोळीने बुबुळाचा रंगीत पडदा लुळा पडतो. ऑपरेशन चालू असताना तो पाण्यात फडफडतो, छेदातून बाहेर यायला बघतो आणि बाहुली आक्रसत जाते. २००५ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. गंमत म्हणजे गोळी काही आठवडे आधी बंद करूनही खात्री देता येत नाही, आणि बंद केली की लघवी अडते ती वेगळीच. म्हणून बंद करू नका, फक्त सांगा. सर्जन डोळ्यात आतून फिनाइलएफ्रिन देतो, बाहुली धरून ठेवणारे हुक किंवा रिंग तयार ठेवतो. आधी माहीत असलं तर अवघड नाही. टेबलवर कळलं तर घाम फुटतो.

दुसरा मुद्दा डोळ्यात घालायच्या थेंबांचा. काचबिंदूचं टिमोलॉल हे बीटा-ब्लॉकरच आहे, मेटोप्रोलॉलच्या गटातलं. अश्रुनलिकेतून नाकात आणि तिथून थेट रक्तात जातं, यकृताला वळसा घालून. आधीच डिल्टियाझेम किंवा मेटोप्रोलॉल असेल, वर भुलीत फेंटानिल (जोरदार वेदनाशामक) किंवा डेक्समेडेटोमिडिन (गुंगीचं औषध) दिलं, की नाडी मिनिटाला चाळीसच्या घरात. दम्याच्या माणसाला श्वासनलिका आवळण्याचा त्रास. थेंब चालू ठेवावेत, पण घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबावा आणि गोळ्यांच्या यादीत ते लिहावेत. 'औषधं कोणती?' विचारल्यावर थेंब कुणीच सांगत नाही. डायमॉक्स (काचबिंदूची गोळी) चालू असेल तर पोटॅशियम तपासा.

पंचवटीकर | सकाळी ७:३१

प्रोस्टेटची गोळी डोळ्याला लागते! म्हणजे आमचे शेजारी म्हणतात ते खरं, म्हातारपणी सगळं वायरिंग एकाच बोर्डावर येतं.

गोळीबिस्कीट | सकाळी ८:१०

त्याच गोळीबरोबर हल्ली टॅडालाफिल ५ मिग्रॅ जोडून येतं, तेही प्रोस्टेटसाठी. घेणाऱ्यालाही माहीत नसतं की ते सिल्डेनाफिलच्या कुळातलं आहे. ऑपरेशनमध्ये दाब उतरवायला नायट्रोग्लिसरीन दिलं तर?

भूलथाप | सकाळी ८:२२

दाब इतका पडतो की वर काढणं कठीण. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट (नायट्रोग्लिसरीनचा गट) टाळतात. हा प्रश्न मुलांसमोर, सुनेसमोर विचारला की उत्तर नेहमी 'नाही'. एकांतात विचारावा.

रात्रपाळी | सकाळी ९:०५

वॉर्डात ऑपरेशननंतर काय बिघडतं ते इथे कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून सविस्तर.

आजोबा दुसऱ्या रात्री बरळायला लागतात, सलाईन उपटतात. नातेवाईक म्हणतात भूल चढली. भूल कधीच उतरलेली असते. बहुतेक वेळा कारण चार्टवर लिहिलेलं असतं: खाज आली म्हणून एव्हिल, झोप नाही म्हणून फेनर्गन, आधीपासूनची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, ठोके कमी झाले तेव्हा दिलेलं अ‍ॅट्रोपिन. सगळी एकाच जातीची, मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलीन दाबणारी. एकेकटी खपून जातात, चार जमली की गोंधळ. म्हणूनच म्हाताऱ्या माणसात अ‍ॅट्रोपिनऐवजी ग्लायकोपायरोलेट बरं, ते मेंदूत शिरत नाही. आणि मिडाझोलाम (गुंगीचं इंजेक्शन) दिलंच तर अर्ध्या-एक मिग्रॅने सुरुवात, सवयीने २ मिग्रॅ नाही.

उलट प्रकारही होतो. पंधरा वर्षं रात्री अल्प्राझोलाम घेणारी आजी, यादीत 'झोपेची गोळी' लिहिलेलीच नाही, ती अचानक बंद. दोन-तीन दिवसांनी थरथर, घाम, भास, कधी फिट. दारूचंही तसंच, ४८ ते ७२ तासांत. अशांना गोळी ठरलेल्या डोसमध्ये चालू ठेवायची.

दुखण्यावरचं ट्रामाडॉल. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन (नैराश्याच्या गोळ्या) घेणाऱ्याला दिलं की सेरोटोनिन वाढतं: अस्वस्थपणा, ताप, पाय झटकणं, फिट. रासाजिलीन किंवा सेलेजिलीन (पार्किन्सनच्या गोळ्या) घेणाऱ्याला तर ट्रामाडॉल आणि पेथिडिन दोन्ही पूर्ण वर्ज्य. लिनेझोलिड हे अँटिबायोटिकही त्याच जातीचं वागतं, हे विसरलं जातं.

पार्किन्सनवाल्यांसाठी हात जोडून सांगते: सिंडोपा (लिव्होडोपाची गोळी) चुकवू नका. लिव्होडोपा दीड-दोन तासांत शरीरातून उतरतं. सकाळची गोळी 'उपाशी' म्हणून राहिली, ऑपरेशन लांबलं, दुपारपर्यंत माणूस लाकडासारखा कडक, गिळता येत नाही, खोकता येत नाही, मग न्यूमोनिया. घोटभर पाण्याबरोबर वेळेवर द्या, लांबलं तर राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून). सीआर (सावकाश विरघळणारी) गोळी मात्र कुटायची नाही. उलटीसाठी पेरिनॉर्म बिलकुल नको, बरळतात म्हणून हॅलोपेरिडॉलही नको. ऑन्डान्सेट्रॉन चालतं.

गोळीबिस्कीट | सकाळी ९:४०

रात्रपाळीताई, प्रिंट काढून लावण्यासारखा प्रतिसाद. एक भर: 'नसांची गोळी' किंवा 'ताकदीची कॅप्सूल' म्हणून जी घेतात तिच्यात मिथाइलकोबालामिनबरोबर प्रिगॅबालिन ७५ आणि बऱ्याचदा नॉरट्रिप्टिलिन १० असतं. माणूस सांगताना सांगतो 'व्हिटॅमिन'.

रात्रपाळी | सकाळी ९:४८

अगदी. आणि प्रिगॅबालिनवर फेंटानिल किंवा मॉर्फिन चढलं की श्वास मंदावतो. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये यावर इशारा दिला, त्यात ज्येष्ठांचा वेगळा उल्लेख आहे. अशा रुग्णाला नुसता पल्स-ऑक्सिमीटर पुरत नाही. नळीने ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मिनिटाला आठवर आला तरी आकडा ९८ दाखवतो. श्वास मोजायचे, घड्याळ लावून.

सिन्नरकर | सकाळी १०:१०

नायट्यासाठी महिना-महिना कॅप्सूल चालते, तिचा काही संबंध?

भूलथाप | सकाळी १०:३०

इट्राकोनाझोल. नेमका प्रश्न! यकृतातलं जे एन्झाइम मिडाझोलाम आणि फेंटानिल मोडतं त्यालाच ही कॅप्सूल अडवते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेम यांचंही तेच. नेहमीचा डोस दिला तरी माणूस तासन् तास उठत नाही. 'कातडीचं औषध' म्हणून कुणी सांगत नाही. याच्या उलट टोकाला फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन: वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत स्नायू ढिले करणारं व्हेक्युरोनियम, रॉक्युरोनियम लवकर उतरतं, अ‍ॅट्राक्युरियमवर तेवढा फरक पडत नाही. फिटच्या गोळ्या मात्र त्या सकाळीही द्यायच्याच.

निफाडची द्राक्षं | सकाळी ११:४५

फवारणी करणाऱ्यांच्या भुलीत काही वेगळं होतं का? गोडी छाटणीनंतर इकडे बागेत रोज पंप चालू असतो, साठी-सत्तरीतले लोकही करतात.

भूलथाप | दुपारी १:१५

होतं, पण कोणतं औषध मारलं त्यावर. डाऊनी-भुरीसाठीची बुरशीनाशकं इथे मोजायची नाहीत. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं, म्हणजे क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, रक्तातलं कोलिनेस्टरेज दाबतात आणि ते भरून यायला काही आठवडे लागतात. श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू ढिले करायला जे सक्सामिथोनियम देतात ते याच एन्झाइमने मोडतं. एरवी ५ ते १० मिनिटांत उतरणारं औषध मग लांबतच जातं. अशा वेळी निओस्टिग्मीन (एरवी स्नायू परत जागे करायला देतात ते) देऊ नये, ते याच एन्झाइमला आणखी दाबतं. झोपेत ठेवून व्हेंटिलेटरवर वाट बघायची, नर्व्ह स्टिम्युलेटर (स्नायू जागे झाले का ते दाखवणारं यंत्र) लावून. डोनेपेझिल ही विसरभोळेपणाची गोळीही सक्सामिथोनियम लांबवू शकते, शिवाय नाडी मंदावते. तिचा अंमल शरीरातून जायला दोन आठवडे लागतात, म्हणून थांबवण्यात फायदा नाही.

तेव्हा ठरवून केलेल्या ऑपरेशनला येताना गेल्या महिन्यात मारलेल्या औषधांच्या डब्यांचे फोटो आणा.

कमरेतलीसुई | दुपारी २:०५

आणि नुसतं द्राक्षच नाही, कांद्यावर फुलकिड्यांसाठी प्रोफेनोफॉस सर्रास मारतात. शंका असेल तर सक्सामिथोनियम टाळून रॉक्युरोनियम, उतारा म्हणून सुगामाडेक्स हाताशी.

आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कारण गुडघा-खुबा म्हणजे बहुतेक कमरेतून भूल (स्पायनल). सुई टोचल्यावर मणक्यात रक्त साठलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून सुईआधी किती काळ बंद:

इकोस्प्रिन ७५ (कमी डोसचं अ‍ॅस्पिरिन) एकटी: स्पायनलला अडचण नाही. क्लोपिडोग्रेल आणि टिकाग्रेलोर: ५ ते ७ दिवस. प्रासुग्रेल: ७ ते १०. अ‍ॅपिक्साबान, रिव्हरोक्साबान: ७२ तास. डॅबिगाट्रान: ३ ते ५ दिवस, किडनी जितकी कमी तितके जास्त. वॉरफरिन ५ दिवस. आपल्याकडे जास्त चालणारं अ‍ॅसिट्रोम लवकर उतरतं, साधारण ३ दिवस. दोन्हींत आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) नॉर्मल आल्याशिवाय सुई नाही. एनोक्सापारिनचं इंजेक्शन ४० मिग्रॅ असेल तर १२ तास, किलोमागे १ मिग्रॅचा डोस असेल तर २४.

इथेही जोडगोळी आहेच: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन तिन्ही एका कॅप्सूलमध्ये. क्लोपिडोग्रेल थांबवायचं म्हणून कॅप्सूल बंद केली की अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिनही गेलं. स्टेंटवाल्याला हे परवडत नाही. दोन्ही सुटी लिहून द्यावीत. औषधी स्टेंट बसून सहा महिने, हार्ट अटॅकनंतर बसवला असेल तर वर्षभर, टाळता येण्यासारखं ऑपरेशन टाळावं.

खुबा मोडला असेल तर मात्र क्लोपिडोग्रेलसाठी पाच-सात दिवस झोपवून ठेवू नका. त्या वाट बघण्यात छाती, अंथरुणाचे व्रण, गुठळ्या जास्त नुकसान करतात. पूर्ण भूल द्या, मांडीच्या नसांचा ब्लॉक (तेवढा भाग बधिर करणारं इंजेक्शन) द्या, ४८ तासांत उरका.

सिन्नरकर | दुपारी २:२०

स्पायनलचा डोसही कमी लागतो ना वयानुसार?

कमरेतलीसुई | दुपारी २:२८

हो. हेवी बुपिव्हाकेन ०.५ टक्के तरुणाला ३ मिलीपर्यंत, पंचाहत्तरीपुढे दीड-दोन मिली बऱ्याचदा पुरे. टॅमसुलोसिन चालू असेल तर दाब जास्त पडतो, तेही धरा.

वैद्यबुवा | दुपारी ४:१०

आयुर्वेदाचं कुणी काढलंच नाही अजून. काढण्याआधी मीच लिहितो. अश्वगंधा झोप आणणारी आहे, शामक औषधांबरोबर गुंगी वाढू शकते. ज्येष्ठमध रोज चमचाभर चालू असेल तर पोटॅशियम उतरतं आणि दाब चढतो; डिगॉक्सिन (हृदयाची गोळी) किंवा क्लोरथॅलिडोन घेणाऱ्यात हे नको. गुग्गुळ आणि लसणाच्या कॅप्सूलने रक्तस्राव वाढू शकतो. दोन आठवडे आधी थांबवणं शहाणपणाचं. स्वयंपाकातल्या लसणाला कुणी हात लावू नये.

कमरेतलीसुई | दुपारी ४:२५

बुवा, प्रामाणिक प्रतिसाद. पण मला लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांची जास्त काळजी वाटते.

वैद्यबुवा | दुपारी ४:४०

त्या पुड्या आयुर्वेद नव्हेत, त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल, कातडी पातळ, दंडावर काळेनिळे डाग, आणि 'पुडी घेतली की दोन तासांत उड्या मारतो' असं कौतुक, एवढं दिसलं की स्टेरॉइड धरून चाला.

भूलथाप | संध्याकाळी ५:०५

+१. महिनाभर रोज ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनएवढं पोटात गेलं की स्वतःची अधिवृक्क (किडनीवरची, कॉर्टिसोल बनवणारी) ग्रंथी झोपलेली असू शकते. मग ऑपरेशनच्या ताणाला कॉर्टिसोल तयार होत नाही, दाब पडतो आणि कशालाच दाद देत नाही. मोठ्या ऑपरेशनला सुरुवातीला हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ, पुढे २४ तासांत २०० मिग्रॅ. आणि अशांना भूल देताना एटोमिडेट टाळा, ते त्या ग्रंथीला आणखी दाबतं.

पंचवटीकर | संध्याकाळी ५:३०

सगळं कळलं, पण चहाचं काय? बिनचहाचा नाशिककर ऑपरेशनला तयार होईल असं वाटत नाही. मिसळ सोडायला सांगितलं तर पेशंट भुलीआधीच बेशुद्ध.

रात्रपाळी | संध्याकाळी ५:४२

बिनदुधाचा कोरा चहा २ तास आधीपर्यंत पाण्यासारखा धरतात. दुधाचा चहा म्हणजे खाणं, ६ तास. मिसळ आदल्या रात्रीही नको, तर्री ८ तासांतही पोटातच असते.

गोळीबिस्कीट | रात्री ८:२०

डेरिफायलिन या दम्याच्या गोळीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून एका ओळीत: सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर तिची पातळी चढते, ठोके अनियमित, केटामिन या भुलीच्या औषधाबरोबर फिटची शक्यता. दम्याचे पंप मात्र त्या सकाळीही ओढायचेच.

धागा भरला, पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला! टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिन एकत्र, सकाळी ८ चं ऑपरेशन. गोळी मधून तोडून चालेल का?

भूलथाप | रात्री ८:४५

नाही. दोन थरांची गोळी असली तरी मधून तोडल्यावर दोन्ही अर्ध्यांत दोन्ही औषधं निम्मी-निम्मी येतात. शिवाय टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढतं, पत्त्यातून (गोळ्यांच्या स्ट्रिपमधून) काढून ठेवलेला तुकडा खराब होतो.

तुमच्या ७५ वर्षांच्या माणसासाठी असं: आदल्या दिवशी सकाळी नेहमीची जोडगोळी. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ६ ला सुटं अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, घोटभर पाणी. ती एक गोळी भूलतज्ज्ञाने फिटनेसच्याच दिवशी वेगळी लिहून द्यायची. एक दिवस अ‍ॅम्लोडिपिन चुकलं तरी बिघडत नाही, त्याचा अंमल दीड-दोन दिवस टिकतो. सुटी गोळी मिळाली नाही तर जोडगोळी देण्यापेक्षा काहीच न देणं बरं.

मेटोप्रोलॉलची जोडी असेल तर असं चालणार नाही. तिथे सुटं मेटोप्रोलॉल आणायलाच हवं, आणि ते लांबणीचं (सावकाश सुटणारं) असेल तर चावायचं-कुटायचं नाही. क्लोरथॅलिडोनची जोडी असेल तर दोन्ही टाळा आणि सोडियम-पोटॅशियम आदल्या दिवशीच बघा.

कमरेतलीसुई | रात्री ८:५८

सहमत. फक्त ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक चालू असेल तर टेल्मिसार्टन परत सुरू करताना क्रिएटिनिन बघा. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि वेदनाशामक, तिघं एकत्र म्हाताऱ्या किडनीला झेपत नाहीत. पॅरासिटामॉल १ ग्रॅम सहा तासांनी, वजन पन्नासच्या खाली असेल तर किलोमागे १५ मिग्रॅ.

सिन्नरकर | रात्री ९:१०

आणि नंबर सकाळी ८ ऐवजी दुपारी ३ ला लागला तर?

भूलथाप | रात्री ९:१६

अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, थायरॉइड, फिटच्या गोळ्या सकाळी नेहमीच्या वेळी. सिंडोपा तिच्या प्रत्येक वेळेला. पाणी १ वाजेपर्यंत. साखर दर दोन तासांनी. पत्त्यातून कापलेल्या सुट्या गोळ्या पिशवीत भरून आणू नका. पूर्ण पत्ता आणा, मागचं नाव दिसलं पाहिजे. आणि घरून निघताना कोणती गोळी किती वाजता दिली ते कागदावर लिहून फाइलला टाचा.

गोळीबिस्कीट | रात्री ९:२४

सुटं अ‍ॅम्लोडिपिन ५ कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं, चिठ्ठीवर 'फक्त एक दिवस' लिहा म्हणजे पुढे घरचे जोडगोळीबरोबर तेही चालू ठेवणार नाहीत.